हा अजून चालतो व्हय?

(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू आयटीतली, एआयवर बोल. पंधरा मिनिटं." मी हो म्हटलं आणि आता दुसऱ्याच विषयावर बोलणार आहे. त्याला कारण तुम्हीच. सकाळी फाटकातून आत आल्यापासून माझ्या गळ्यातला हा कॅमेरा बघून कमीत कमी पाच जणांनी विचारलं, "हा अजून चालतो व्हय?" मागच्या बाकावरचे आपले एक महाशय तर म्हणाले, "एवढी इंजिनिअर झालीस, आता एक नवीन घे की गं!" पाच जणांना पाच वेळा सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदम उत्तर देते. गेल्या पावसाळ्यात हाच प्रश्न मी स्वतःला दोन महिने विचारत होते. तो सोडवताना मला जे कळलं ते कॅमेऱ्यापुरतं राहिलं नाही.

हा कॅमेरा मी २००९ साली घेतला. बारा मेगापिक्सेलचा, लेन्स बदलता येणारा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या काळचे सगळ्याच कंपन्यांचे असे कॅमेरे थोड्याफार फरकाने सारखेच आहेत. मी सांगेन ते तुमच्या कपाटात पडलेल्या कॅमेऱ्यालाही बरंचसं लागू पडेल. तेव्हाचा माझा दीड महिन्याचा पगार यात गेला. पुण्याहून घेऊन घरी आले आणि बाबांना किंमत सांगितली. बाबा क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "एवढ्यात म्हस आली असती." मग उठले, टोपी सारखी केली आणि दारात उभे राहिले. "काढ बघू, म्हस कशी दिसते ती." या कॅमेऱ्याने काढलेला पहिला फोटो तो.

मला कॅमेऱ्याची एवढी हौस का, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. १९९६ साली आपल्या निरोप समारंभाला कोल्हापूरहून फोटोग्राफर आला होता. वर्गातले बाक बाहेर आणून तीन रांगा केल्या होत्या. मी दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी. फोटोची एक प्रत २५ रुपयांना होती. त्या महिन्यात आमच्या घरी २५ रुपये मागायची सोय नव्हती, म्हणून मी सरांना सांगितलं, "मला नको." सरांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी नकोच म्हटलं, आणि तेही असं, की जणू मला फोटोची आवडच नाही. नोकरी लागल्यावर मनात पक्कं केलं होतं, की आपला स्वतःचा कॅमेरा घ्यायचा.

तर गेल्या पावसाळ्यात या कॅमेऱ्याने कुरकुर सुरू केली. बॅटरी पूर्ण भरली तरी चाळीस फोटोंत मान टाकायची. हाताच्या पकडीचं रबर सुटायला लागलं. उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की सगळं धुरकट. लेन्स खिडकीपाशी धरून पाहिली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी! घरात सभा भरली. मुलगी म्हणाली, "आई, नवीन घे." नवरा म्हणाला, "हप्त्याने घे." माझी भाची एकटी म्हणाली, "मावशी, टाकणार असशील तर मला दे, जुन्या कॅमेऱ्यांची सध्या फॅशन आहे." सोळा वर्षं थांबलं की फॅशन परत येते, हे मला त्या दिवशी कळलं.

माझ्या कामात हा प्रश्न नेहमी येतो. जुनी प्रणाली ठेवायची की नवीन लिहायची? तरुण मुलांना नेहमी नवीन लिहायचं असतं. मीही तशीच होते. अनुभवाने एक शिकले, की "जुनी झाली" हे कारण पुरेसं नाही. ती कोणतं काम करू शकत नाही ते आधी लिहून काढायचं. काम अडत नसेल तर वयाचा दोष देऊ नये. म्हटलं, ऑफिसात जे इतरांना सांगते ते घरी करून बघावं.

एक महिना एक छोटी वही जवळ ठेवली. काढलेला प्रत्येक फोटो रात्री बघायचा, आणि वाया गेला असेल तर का गेला ते लिहायचं. महिनाभरात ३८० फोटो काढले, त्यातले ६४ वाया गेले. त्या ६४ पैकी ४१ माझ्या चुकीने: हात हलला, फोकस भलतीकडे गेला, घाई केली. ५ लेन्समधल्या बुरशीने. आणि १८ वेळा मात्र खरोखर कॅमेरा कमी पडला. हे सगळे १८ फोटो एकाच ठिकाणचे होते. माझी मुलगी फुटबॉल खेळते. कोल्हापूरचं रक्त आहे, दुसरं काय खेळणार! पुण्यात तिचा सराव संध्याकाळी सातनंतर, दिव्यांच्या उजेडात असतो. तिथे या कॅमेऱ्याच्या फोटोंत मुली पुसट आणि काळोख दाणेदार.

म्हणजे प्रश्न "कॅमेरा जुना झाला का" असा राहिला नाही. "कमी उजेडात पळणारी मुलगी टिपायची कशी" एवढाच उरला. प्रश्न लहान झाला की उत्तरही स्वस्त होतं, हा माझा अनुभव आहे.

आधी मेगापिक्सेलचा हिशेब सांगते, कारण बहुतेक खरेदी त्या एका आकड्यावर होते. या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४,३०० बाय २,८५० ठिपक्यांचा असतो. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. ए-फोर आकाराचं पूर्ण पान छापायचं तर ३,५०८ बाय २,४८० ठिपके, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेल झाले. २००९चा कॅमेरा आजही आपल्या स्मरणिकेचं पूर्ण पान भरू शकतो. उलट तुम्ही स्मरणिकेसाठी जे फोटो पाठवलेत ते चांगल्या चांगल्या फोनवरचे असूनही छपाईत फुटत होते, अशी आपल्या संपादक मंडळाची तक्रार आहे. कारण ते व्हॉट्सॲपवरून साधे पाठवले, आणि तसे पाठवताना ते लहान होतात. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला असता तर मूळ आकारात पोचला असता. यासाठी नवा फोन लागत नाही.

मग लोक विचारतात, हातात फोन असताना हा धोंडा कशाला? फोनला मी कमी लेखत नाही. आईच्या औषधाच्या चिठ्ठीचा फोटो मी फोननेच काढते. फरक आहे तो सेन्सरचा, म्हणजे उजेड गोळा करणाऱ्या चकतीचा. या कॅमेऱ्यात ती साधारण २४ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच आहे. मधल्या किमतीच्या फोनमध्ये साधारण साडेसहा बाय पाच. पाऊस तोच, पण घंगाळात जास्त साठतो आणि वाटीत कमी. फोन ही कसर सॉफ्टवेअरने भरून काढतो. एका क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो. बसलेल्या आजीचा फोटो त्यात सुरेख येतो. गोलकडे पळणाऱ्या मुलीला मात्र कधी कधी तीन पाय येतात.

आता नव्या कॅमेऱ्याची बाजू. ती खरी आहे आणि मोठी आहे. आजचे आरसा नसलेले कॅमेरे माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतात, कमी उजेडात कितीतरी स्वच्छ फोटो देतात, व्हिडिओ उत्तम काढतात. लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्याने जुना कॅमेरा कवटाळून बसू नये. पण घेताना एक गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. लेन्स जिथे बसते ती खाच कंपन्यांनी बदलली आहे. निकॉनची जुनी खाच १९५९ची, कॅननची १९८७ची. २०१८मध्ये दोघांनीही आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवी खाच आणली. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडायला मधे एक कडं मिळतं. पण निकॉनच्या काही जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असते. त्या लेन्स निकॉनच्या कड्यावर बसतात, पण आपोआप फोकस होत नाहीत. म्हणजे नवा कॅमेरा घेणं म्हणजे बऱ्याचदा नव्या घरात जाणं असतं. जुने पडदे तिथे बसतीलच असं नाही. माझ्या गरजेचा नवा संच लेन्ससकट लाखाच्या पुढे जात होता.

मग मी दुसरा हिशेब केला. माझी जुनी लेन्स जास्तीत जास्त झूमवर एफ ५.६ एवढीच उघडते. एफ १.८ ची, झूम नसलेली ५० मिलिमीटरची लेन्स जुन्या बाजारात सात-आठ हजारांत मिळते. ५.६ला १.८ने भागायचं आणि उत्तराचा वर्ग करायचा. येतं साधारण ९.७. म्हणजे जवळपास दहापट उजेड आत येतो! गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, वर्ग बरोबर केलाय ना? शिवाय कॅमेरा २००९चा असला तरी त्याची कच्ची फाईल उघडणारं सॉफ्टवेअर आजचं आहे. ते दाणे बऱ्यापैकी पुसून टाकतं. तोटाही सांगते. या लेन्सला झूम नाही, त्यामुळे मैदानाच्या पलीकडचं काही मिळत नाही. मी गोलच्या बाजूला उभी राहते, आणि मुली जवळ येतील तेव्हाच काढते. आधी फोटो कमी येत होते, आता तर आणखी कमी येतात. पण येतात ते चेहऱ्यासकट येतात.

बुरशीचं म्हणाल तर ती आपल्याच चुकीची. लेन्स चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात कोंडून ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जूनपासून कपाटातल्या साड्यांनाही वास येतो. कोल्हापुरातल्या एका जुन्या कारागिरांनी लेन्स खोलून साफ करून दिली. काचेवरचा थर थोडा खाल्ला गेलाय, तेवढं राहणार. ते म्हणाले, "बाई, वापरत ऱ्हावा. वापरातल्या लेन्सला बुरशी कमी धरते." तेव्हापासून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते. डब्यात तांदूळ घालू नका, त्याची पूड आत जाते.

इथपर्यंत सगळं हिशेबात बसत होतं, आणि हे भाषण इथे संपायला हरकत नव्हती. पण वहीच्या त्या महिन्यात एक वेगळीच गोष्ट घडली.

इतक्या वर्षांत कॅमेऱ्याचा सेन्सर खराब झालाय का, हे बघायला मला पहिल्या वर्षाचे फोटो हवे होते. २००९ ते २०१४चे सगळे फोटो एका हार्ड डिस्कवर होते. डिस्क कपाटात, रुमालात गुंडाळून व्यवस्थित ठेवलेली. जोडली, तर आतून टक् टक् असा आवाज आला आणि पडद्यावर काहीच दिसलं नाही. दुसऱ्या संगणकाला जोडली, वायर बदलली, शेवटी डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे नेली. त्यांनी आठ दिवसांनी हात टेकले.

त्या डिस्कवर बाबा होते. दारात टोपी सारखी करून उभे असलेले, उसाच्या बांधावर पाणी पाजणारे, माझ्या मुलीला पहिल्यांदा मांडीवर घेतलेले. बाबा २०१७ साली गेले.

मी काय काम करते ते तुम्हाला माहीत आहे. लोकांची माहिती हरवू नये यासाठी मला पगार मिळतो. नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात शिकवते: प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा, आणि एक दुसऱ्या जागी ठेवा. आणि माझ्या घरी एक प्रत, एका डिस्कवर, एका कपाटात. कॅमेरा बदलायचा की ठेवायचा यावर मी दोन महिने घालवले. त्याने काढलेले फोटो कुठे आहेत, याचा अकरा वर्षं विचारसुद्धा केला नव्हता.

त्या काळातलं वाचलं ते काय? भावाला ईमेलने पाठवलेले थोडे लहान लहान फोटो, आणि एक कागद. तो पहिला फोटो आईने तेव्हाच मागितला होता. "त्या डब्यात बघायला मला येत न्हाई. भिंतीवर लागंल असा काढून आण." मी कुरकुरत स्टुडिओत जाऊन छापून आणला होता. तो आजही आमच्या सोप्यात आहे. त्याला चार्जर लागत नाही, पासवर्ड लागत नाही. आईचं तंत्रज्ञान माझ्यापेक्षा पुढचं निघालं.

या गोष्टीनंतर एकदा कोल्हापुरात खरी कॉर्नरला थांबले होते. तिथला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आपण सगळ्यांनी बसमधून शंभर वेळा पाहिलाय. पहिल्या महायुद्धाचा काळ, परदेशी कॅमेरा आणणं आवाक्याबाहेरचं, तेव्हा आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी आपल्या गावातच सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने तो पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, आणि १९२०चा 'सैरंध्री' त्यांनी त्या गावठी कॅमेऱ्यावर काढला. लहानपणापासून आपल्याला याचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण आज तुम्हाला 'सैरंध्री' बघायचा म्हटलात तर बघता येत नाही. तो सिनेमा उरलेला नाही. त्या काळची फिल्म पेट घेणारी आणि कुजणारी होती. त्यांच्या हातात तो इलाज नव्हता. आपल्या हातात आहे. कॅमेऱ्याचा स्तंभ उभा राहिला आणि चित्र गेलं, हे आपल्या घरांत पुन्हा होऊ नये, एवढंच मला त्या चौकात वाटलं.

तर माझा निर्णय ऐका. कॅमेरा ठेवला. चांगली बॅटरी १,८०० रुपये, लेन्सची साफसफाई २,५००, जुन्या बाजारातली लेन्स ७,५००, आणि दोन नव्या हार्ड डिस्क ११,०००. तेवीस हजारांच्या आत सगळं बसलं. एक डिस्क पुण्यात, दुसरी इथे मुडशिंगीत आईच्या ट्रंकेत, तिसरी प्रत इंटरनेटवर. दर दिवाळीला डिस्क जोडून उघडते की नाही ते बघायचं, आणि वर्षातले निवडक पन्नास फोटो कागदावर छापायचे. फराळाच्या यादीतच ते लिहून ठेवलंय.

आणि कॅमेरा बदलायचा कधी, तेही वहीत लिहिलंय, नाहीतर ठेवणं म्हणजे नुसता हट्ट होतो. याचं शटर गेलं आणि दुरुस्तीचा खर्च तसाच जुना कॅमेरा घेण्यापेक्षा जास्त झाला, तर. किंवा चांगली बॅटरी मिळेनाशी झाली, तर. किंवा याला चालणारी ३२ जीबीपर्यंतची कार्डं बाजारातून गेली, तर. किंवा मुलगी मोठ्या मैदानावर खेळायला लागली आणि माझी लेन्स पोचेनाशी झाली, तर. त्यातलं शेवटचं कारण लवकर यावं अशी माझी फार इच्छा आहे. त्या दिवशी हा भाचीला देईन आणि नवा घेईन, अजिबात रडणार नाही.

आता शेवटचं. या मेळाव्याच्या तयारीत आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीने ट्रंकेतून १९९६चा तो फोटो काढला. कडा पिवळ्या पडल्यात, एक कोपरा वाळवीने खाल्लाय. पण दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी मी तिथे आहे. तीस वर्षांनी मी पहिल्यांदा तो हातात धरला. तिने तेव्हा २५ रुपये दिले म्हणून आज तो आपल्या सगळ्यांना मिळाला. या कॅमेऱ्यानेच मी त्याची नक्कल काढली आहे, आणि स्मरणिकेत तो पूर्ण पान छापला आहे. पावणेनऊ मेगापिक्सेल, बाई, हिशेब बरोबर निघाला.

त्या फोटोतले काही चेहरे आज इथे नाहीत. त्यांच्या घरी दुसरा फोटो असेलच असं नाही. म्हणून प्रत्येकाच्या घरी एक प्रत पोचवायची, हे काम मी अंगावर घेतलं आहे. पत्ते तेवढे द्या. पैसे कुणी विचारायचे नाहीत, आणि कुणी "मला नको" म्हणायचं नाही. सर, दोनदा विचारूनही मी नको म्हटलं होतं, ते खोटं होतं. मला हवा होता.

बाहेर बाक मांडलेत, ऊन अजून चांगलं आहे. चला, उठा सगळे. बाई आणि सर मधे बसतील, उंच मुलं मागे. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी जागा मोकळी ठेवा, टायमर लावून मी पळत येते.